पाच आठवडे न उतरलेला ताप : निदान होण्याआधी क्षयाची औषधे किंवा स्टेरॉइड सुरू करावे का?

ऊसमळा (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात आमच्या गावी शेती आणि दुभती जनावरे सांभाळतात. गेले पाच आठवडे त्यांना रोज ताप येतो आहे आणि तो कशामुळे येतो हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही. सकाळी त्यांचे अंग गार असते, चहा घेऊन ते गोठ्यातही जाऊन येतात. दुपारी चारच्या सुमारास कणकण सुरू होते, दिवेलागणीपर्यंत ताप १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि मध्यरात्री दरदरून घाम येऊन उतरतो. आई रात्रीतून दोनदा त्यांची बंडी बदलते. पाच आठवड्यांत वजन सहा किलोने उतरले आहे. खोकला नाही, लघवीला त्रास नाही, जुलाब नाहीत.

पहिल्याच आठवड्यात गावातल्या डॉक्टरांनी विडाल तपासणी करून मुदतीचा ताप असल्याचे सांगितले आणि पाच दिवस इंजेक्शने दिली. ताप थोडा उतरला आणि पुन्हा चढला. त्यानंतर तालुक्याच्या एका रुग्णालयात सात दिवस ठेवून सलाईनमधून दुसरे अँटिबायोटिक दिले आणि घरी आल्यावर गोळ्यांमधून तिसरे. मलेरिया, डेंग्यू व एचआयव्ही या तपासण्या निगेटिव्ह आहेत. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. सोनोग्राफीत पाणथरी किंचित वाढल्याचे लिहिले आहे. हिमोग्लोबिन १०.८, पांढऱ्या पेशी ४,६०० आणि ईएसआर (शरीरातला दाह सुचवणारी रक्ततपासणी) ५२ आहे.

आता एक डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करून पाहू म्हणतात, तर दुसऱ्यांच्या मते स्टेरॉइडने ताप जाईल. भाऊ म्हणतो की हे सगळे सोडून मुंबईला नेऊन पेट स्कॅन करून घेऊ. निदान नसताना औषध सुरू करणे कितपत योग्य आहे आणि आम्ही नेमके काय विचारावे, हे कृपया सांगावे.

फिजिशियन, पुणे

ताई, मी रुग्णाला तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सर्व आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने लिहितो आहे.

१०१ अंशांच्या वर वारंवार जाणारा, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला ताप, अशी या अज्ञात कारणाच्या तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये केली. १९९१ मध्ये ती सुधारली गेली आणि रुग्णालयातले तीन दिवस किंवा बाह्यरुग्ण विभागातल्या तीन भेटी पुरेशा मानल्या गेल्या. व्याख्येतला काळ महत्त्वाचा आहे, कारण विषाणूंमुळे येणारे बहुतेक ताप तीन आठवड्यांत आपोआप उतरतात. त्यापुढे टिकणाऱ्या तापामागे जंतुसंसर्ग, कर्करोग (विशेषतः लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग), शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याने होणारे दाहाचे आजार आणि औषधामुळे येणारा ताप, थायरॉइडचा दाह किंवा पायातल्या शिरेत झालेली गुठळी यांसारखी इतर कारणे असतात. युरोपात आज दाहाचे आजार वरच्या क्रमांकावर दिसतात. आपल्याकडे मात्र संसर्गच पुढे आहेत आणि त्यांत क्षय सर्वांत पुढे. म्हणूनच क्षयाचा संशय घेण्यात त्या डॉक्टरांचे काहीही चुकलेले नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी क्षय पोटातल्या गाठींत, यकृतात, अस्थिमज्जेत किंवा मणक्यात असू शकतो. रक्तातून सर्वत्र पसरलेल्या क्षयाचे बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके पहिल्या एक्स-रेत नसतात आणि तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत दिसतात, असे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे तो एक्स-रे पुन्हा काढून घ्यावा.

संशय घेणे आणि उपचार सुरू करणे यांत मात्र अंतर आहे. क्षयाच्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिन हे इतरही अनेक जंतूंवर चालते. ते सुरू केल्यावर ताप उतरला तर क्षयच होता असे सगळे धरून चालतात आणि खरा आजार अर्धवट दबून काही महिन्यांनी परत उसळतो. स्टेरॉइडचे तर मी आणखी कळकळीने सांगेन. स्टेरॉइडने जवळजवळ कोणताही ताप काही दिवस उतरतो, पण त्यामुळे लिम्फोमाच्या गाठी आकसून बायोप्सी फसू शकते आणि क्षय असेल तर तो भडकतो. पन्नाशीपुढच्या माणसाला तापाबरोबर नव्याने कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे असतील, तर कानशिलाच्या रोहिणीचा दाह असण्याची शक्यता असते आणि तिथे बायोप्सीची वाट न पाहता त्याच दिवशी स्टेरॉइड द्यावे लागते, नाहीतर दृष्टी जाते. आपल्या वर्णनात असे काही दिसत नाही, तरी वडिलांना हे जरूर विचारा.

आता भावाच्या सूचनेविषयी. पेट स्कॅन आजाराचे नाव क्वचितच सांगतो. शरीरात दाह कोठे चालू आहे आणि सुई कोठे घालावी हे तो सांगतो. पायरीपायरीने तपासून काही हाती लागले नाही तर त्याचा मोठा उपयोग होतो. पण रक्ताचे कल्चरसुद्धा (रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) झालेले नसताना तो करणे म्हणजे जिना सोडून छतावर उडी मारण्यासारखे आहे. आपण दिलेल्या यादीत रक्ताचे कल्चर मला कोठेही दिसले नाही. ते झाले आहे का? झाले असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी की नंतर?

आणखी काही प्रश्नांची उत्तरे द्या. पाठ, कंबर, सांधे किंवा अंडकोश दुखतो का? काखेत, मानेत वा जांघेत अवधाण आले आहे का? तापापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत प्रवास, दाताचे काम, नवे औषध (विशेषतः फिटचे, युरिक अ‍ॅसिडचे किंवा सल्फाचे) असे काही झाले का? घरी कोणाला क्षय होता का? आणि गोठ्यात अलीकडे काय घडले? कच्चे दूध, जनावरांची विते, आजारी जनावर, जे आठवेल ते सारे लिहा.

एक साधी वही घ्या आणि सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा व रात्री दहा वाजता तापमान लिहून ठेवा. पॅरासिटामॉल दिले असेल तर त्याची वेळही लिहा आणि तापमान गोळी देण्यापूर्वी मोजा. घड्याळ लावून सहा-सहा तासांनी गोळी दिली की तापाचा आलेखच पुसला जातो.

सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. विडालविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आमच्याकडे दर आठवड्याला अशी कहाणी येते. विडालने ही तपासणी १८९६ मध्ये मांडली. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षे पाण्यातून फिरतो आहे, तिथे अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही या अँटिबॉडी सापडतात आणि दुसऱ्याच कुठल्या तापानेही त्यांचे प्रमाण वाढू शकते. एकदाच केलेल्या विडालवरून पाच आठवड्यांच्या तापाचे निदान करणे धोक्याचे आहे.

खरा पुरावा कल्चरचा. वेगवेगळ्या जागी सुई टोचून रक्ताचे दोन किंवा तीन संच घ्यावे लागतात आणि मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त असावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बाटल्यांत जेमतेम दोन-तीन मिलिलिटर असते. रक्तात जंतू मुळातच थोडे असतात, तेव्हा एवढ्याशा रक्तात ते सापडले नाहीत म्हणून ते नव्हतेच असे म्हणता येत नाही. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अँटिबायोटिक दोन-तीन दिवस थांबवून कल्चर घेतलेले उत्तम. आणि मागणीपत्रावर केवळ ‘ताप’ न लिहिता ‘पाच आठवडे ताप, जनावरांशी संपर्क’ असे स्पष्ट लिहायला सांगा. काही जंतू सावकाश वाढतात. ते मनात असतील तर आम्ही बाटली पाच दिवसांनी टाकून न देता अधिक काळ ठेवतो. त्यांतले काही हाताळणाऱ्यालाच बाधतात, म्हणून तो कागद आमच्याही संरक्षणाचा असतो.

क्षयाच्या बाबतीत, रक्तातल्या अँटिबॉडी पाहून क्षय सांगणाऱ्या तपासण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. कोणी तशी तपासणी सुचवली तर नकार द्या. मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी पॉझिटिव्ह आली तरी शरीरात कधीतरी क्षयाचा जंतू शिरला होता एवढेच कळते, आजचा ताप त्याचाच आहे हे कळत नाही. गाठीतला, मज्जेतला किंवा द्रवातला नमुना सीबीनॅट तपासणीला (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) आणि कल्चरला पाठवणे हाच खात्रीचा मार्ग आहे आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट मोफत होते.

गोदातीर

मी डॉक्टर नाही, पण या रस्त्याने गेले आहे. २९ व्या वर्षी मला सात आठवडे ताप होता. दिवसातून एकदा, कधी दोनदा ताप १०३ पर्यंत जाई आणि मध्ये पूर्ण उतरे. घसा दुखे, मनगटे सुजत. संध्याकाळी ताप चढला की दंडावर आणि पोटावर फिकट गुलाबी पुरळ उमटे, पण सकाळी डॉक्टरांपुढे बसले की त्वचा अगदी स्वच्छ. तीन डॉक्टरांना मी पुरळाविषयी सांगितले आणि तिघांनाही ते दिसले नाही. शेवटी आईने रात्री साडेआठला मोबाइलवर फोटो काढून ठेवले आणि चौथ्या डॉक्टरांनी ते फोटो पाहून रक्तातले फेरिटिन (लोह साठवणारे, दाहात वाढणारे प्रथिन) तपासले. ते १२,००० च्या वर निघाले. तरीही त्यांनी लगेच स्टेरॉइड दिले नाही. कल्चर, मज्जेची तपासणी आणि मानेतल्या गाठीची बायोप्सी करून संसर्ग व लिम्फोमा नाही याची खात्री केली आणि मगच प्रौढ वयातला स्टिल्स आजार (दाहाचाच एक आजार) असे निदान केले. ते दहा दिवस थांबणे मला फार जड गेले होते, पण आज त्या थांबण्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. वडिलांना जे काही दिसेल ते त्याच वेळी टिपून ठेवा, एवढे नक्की करा.

झाडीपट्टी

मी विदर्भात ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे. वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. निदानाआधी उपचार नेहमीच चुकीचा असतो असे समजू नये. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबलो असतो तर रुग्ण हातचे गेले असते. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणाऱ्या या तापात डॉक्सिसायक्लिन दिल्यावर बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली असते, आणि ती काखेत, जांघेत, करदोट्याखाली किंवा निऱ्या खोचतात तिथे दडलेली असते; दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. अंगावरचे कपडे काढून तपासल्याशिवाय ती सापडत नाही. पाच आठवड्यांचा ताप सहसा स्क्रबचा नसतो, तरी पूर्ण अंग तपासले गेले आहे का हे विचारावे. माझा मुद्दा एवढाच की रुग्ण खालावत असेल, रक्तदाब उतरत असेल, धाप लागत असेल किंवा भान हरपत असेल, तर नमुने घेऊन त्याच तासाला उपचार सुरू करावे लागतात. आपले वडील चहा घेऊन गोठ्यात जात आहेत, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे आणि तो तपासात घालवावा.

ऊसमळा

सर्वांचे मनापासून आभार. रक्ताचे कल्चर एकदाही झालेले नाही. फाइल पुन्हा उलगडून पाहिली. डोकेदुखी, जबडा, दृष्टी यांचा त्रास नाही. अंगावर खपली किंवा पुरळ नाही. नवे औषध नाही, घरात क्षय नाही. कंबर मात्र दुखते. ते ऊस तोडणीमुळे असेल म्हणून आम्ही कोणाला सांगितलेच नव्हते, पण आता ते खाली बसले की हात धरून उठवावे लागते.

गोठ्याचे विचारलेत म्हणून आठवले. ताप सुरू होण्यापूर्वी साधारण महिनाभर आमची एक गाय आठव्या महिन्यात गाभडली. वार पडली नाही आणि डॉक्टर त्या दिवशी यायला तयार नव्हते, म्हणून वडिलांनी ती हाताने काढली. हातमोजे नव्हते आणि बोटाला विळ्याची जखम होती. वडील रोज सकाळी धार काढताना तांब्याभर धारोष्ण दूध पितात, ते लहानपणापासूनच. आणखी एक गोष्ट, ती सांगावी की नाही कळत नव्हते. आई म्हणते की त्यांच्या घामाने भिजलेल्या बंडीला भिजून कुबट झालेल्या कडब्यासारखा वास येतो.

फिजिशियन, पुणे

ताई, आईंनी सांगितले ते अगदी योग्य केले. या वासाचा उल्लेख जुन्या वैद्यकीय वर्णनांतही आहे. त्यावरून निदान होत नसले तरी आपण लिहिलेल्या इतर गोष्टींशी तो जुळतो.

आता ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेला जंतूच्या संसर्गाचा, विचार सर्वांत आधी करावा असे मला वाटते. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने ताप येत असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्यांच्या पाणथरीतून हा जंतू वेगळा केला आणि तो शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो हे झॅमिट यांनी १९०५ मध्ये दाखवले. गाईम्हशींत तो शेवटच्या महिन्यांतल्या गर्भपाताला कारण ठरतो. गाभडलेल्या जनावराची वार आणि स्राव यांत जंतू प्रचंड संख्येने असतात आणि त्वचेवरच्या बारीक जखमेतून ते माणसात शिरतात. लाटांसारखा चढउतार करणारा ताप, घाम, कंबरदुखी, थोडी वाढलेली पाणथरी आणि न वाढलेल्या पांढऱ्या पेशी, हे सगळे या आजारात बसते. क्षयातही यातले पुष्कळ बसते, हे मात्र विसरू नका.

म्हणूनच क्षयाची औषधे आताच सुरू करू नयेत असे मी आग्रहाने म्हणतो. रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालते. ताप उतरेल, सगळ्यांना क्षयाची खात्री पटेल, आणि डॉक्सिसायक्लिनची जोड न मिळाल्याने आजार पुढे परत उलटेल. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनला दाखवून कल्चरचे तीन संच, रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी ब्रुसेलाची अ‍ॅग्लुटिनेशन तपासणी, कमरेचा एमआरआय आणि हृदयाच्या झडपांसाठी इको करून घ्या. या आजारात मृत्यू क्वचित होतात, पण जे होतात ते बहुतांशी झडपेवर जंतू बसल्याने, म्हणून इको टाळू नका. प्रयोगशाळेला ब्रुसेलाचा संशय असल्याचे लेखी कळवा.

ऊसमळा (अठरा दिवसांनंतर)

सर्वांना कळवायचे राहिले होते. अँटिबायोटिक तीन दिवस थांबवून घेतलेल्या तीन संचांपैकी दोनांत सहाव्या दिवशी ब्रुसेला वाढला. अ‍ॅग्लुटिनेशन तपासणीत प्रमाण १:६४० इतके जास्त आले. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांत व त्यांच्यामधल्या चकतीत दाह दिसला. झडपा निरोगी आहेत. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सुरू असून सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनेही दिली. मणका धरल्यामुळे सहा आठवड्यांऐवजी किमान बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील. उपचारांच्या सहाव्या दिवसापासून वहीत ९९ च्या वर आकडा नाही. काल ते स्वतःहून खाली बसले आणि स्वतःच उठले.

आमच्या गोठ्यात काम करणाऱ्या दादांचे गुडघे तीन महिन्यांपासून दुखत होते. त्यांची तपासणी केली तर तीही पॉझिटिव्ह आली. त्यांच्यावरही उपचार सुरू झाले आहेत. आता जनावरांचे काय करावे, हे कोणी सांगेल का?

पशुवैद्य, सातारा

ताई, गोठ्यातल्या सर्व जनावरांच्या रक्ताची रोझ बेंगॉल (ब्रुसेलासाठीची) तपासणी करून घ्या; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुने पाठवता येतात. पॉझिटिव्ह आलेली गाय वेगळी बांधा, तिचे दूध उकळल्याशिवाय घरात किंवा डेअरीत जाऊ देऊ नका आणि ती बाजारात विकू नका, कारण ती ज्या गोठ्यात जाईल तिथे हेच घडेल. पुढे कोणतेही जनावर गाभडले तर वार हाताने ओढू नका. खांद्यापर्यंतचे हातमोजे घालून ते काम आम्हालाच करू द्या. गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, उकिरड्यावर टाकली तर कुत्री ती गावभर ओढून नेतात.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच दिली जाते, आणि २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती लाळ्या-खुरकूतच्या लसीबरोबर मोफत मिळते. ही लस जिवंत जंतूंची असल्याने ती घरी आणून स्वतः टोचू नका. सुई हाताला लागली तर माणसालाही आजार होऊ शकतो. आपल्या गोठ्यात त्या वयाची कालवड असेल तर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक घेऊन उद्याच दवाखान्यात नोंद करा.